संडासाची कडी

उत्कर्षभाऊजी,

घरी मी तुमची वैनी हाय, पन आज मिलची कामगार म्हनून डाळ मिलच्या मॅनेजरले लिहून राह्यली.

बायांच्या संडासाले आतून कडी नाई, हे आमी तुमाले किती खेपा सांगतलं. तुमी हर खेपेले "पाहू" म्हनलं. मंग एक दिवस आमच्यासंगं कामाले असलेली सपना आत असतानी एका ट्रक ड्रायव्हरनं दार उघडलं. पोरगी तशीच तुमच्या हापिसात आली. मी तिच्या मांगं उभी होती. तुमी मोबाईलवरून नजर उचलून विचारलं, "तुले इथं धाडलं कोनं?"

काय झालं, हे विचारलंच नाई. वरून साऱ्या बायांले बाहेर उभं करून बोलले, "बायांले भडकवनारी कोन हाय, ते मले माईत पडलं पायजे."

तक्रार म्हंजे तुमाले सोताची बेइज्जती वाटते. काहून? अवो, भरोसा असला तरच मानूस सांगाले येते. तुमी तिले खुर्चीवर बसवून सारं आयकलं असतं, "आजच कडी लावतो" म्हनलं असतं, तं तिले धीर आला असता.

शेवटी आमी बायांनी काम बंद ठेवलं, तवा कडी लागली. तोवर सपना मिल सोडून शेलूबाजारले एका दुकानात लागली होती.

काल मालक आले. तुमी छाती फुगवून सांगतलं, "आपल्या मिलमंदी आता एकबी तक्रार नाई."

खरं हाय, भाऊजी. आता तुमाले कोनीच काही सांगत नाई. हा कागदबी मी माझ्यापाशीच ठेवून राह्यली.

तुमची वैनी,
मंजू