दोन्ही पंखांसकट

४ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.१०
नवी वही. डेअरीतून दिवाळीला मिळाली. मुखपृष्ठावर म्हैस आहे, त्याला इलाज नाही.

आजपासून रोजनिशी. वैमानिक लॉगबुक ठेवतात. मी सिम्युलेटरवरचा, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरचा वैमानिक असलो तरी शिस्त ती शिस्त. म्हातारपणी वाचायला घेतली तर संदर्भ असावा म्हणून लिहितो: मी माधव, वय ४८, एमआयडीसीतल्या दूध डेअरीत क्वालिटी ऑफिसर. पत्नी रेश्मा, बँकेत, बारामती-इंदापूर रोज अप-डाउन. कन्या ओवी, पुण्याला इंजिनियरिंग, हॉस्टेलवर. आज दुपारी सुट्टीला आली. २७ ला परत जाणार.

येताना जाहिरातीचा कागद घेऊन आली. भिगवण रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासने २६ तारखेला 'कुटुंब जोडी' स्पर्धा ठेवली आहे. एक विद्यार्थी, एक घरचं मोठं माणूस. दोघांची दोन लढाऊ विमानं. शत्रूचं एक पाडायचं आणि दोघांनीही परत उतरायचं. 'दोघांनीही' जाड अक्षरात. बक्षीस: खऱ्या वैमानिकांना शिकवतात तसल्या हलत्या सिम्युलेटरमध्ये जोडीला पुण्यात अख्खा दिवस. ओवी अकरावीपासून ते स्वप्न बघते आहे.

मी आहेच, असं लगेच सांगून टाकलं. ती जरा थांबून 'बघू' म्हणाली. आनंदाने शब्द फुटला नसणार.

५ नोव्हेंबर, रविवार
सराव १. टेकऑफ उत्तम. वळणात डावा पंख गेला.
सराव २. उजवा.
सराव ३. दोन्ही.
कारण: विमान जुन्या बनावटीचं आहे. ओवीनेही तेच घेतलं होतं. तिचं टिकलं. तिला चांगला पीस मिळाला असेल.

६ नोव्हेंबर, सोमवार
ओवीने मला G समजावून सांगितला. मला माहीत होतं, पण पोरीचा उत्साह मोडू नये म्हणून मान हलवत राहिलो. G म्हणजे वळताना विमानावर पडणारा भार. वेग जास्त असताना जॉयस्टिक जोरात ओढली की भार वाढतो. सात G म्हणजे विमान स्वतःच्या सातपट जड. आमच्या विमानाची मर्यादा सातच आहे. मी साडेदहापर्यंत नेतो. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण आकडा ऐकून मला बरं वाटलं.

मग अट घातली. २० तारखेपर्यंत सलग तीन वेळा दोन्ही पंखांसकट उतरून दाखवा. नाहीतर ती आबांना जोडीला घेणार.

आबा म्हणजे माझे सासरे, संभाजीराव, अंथुर्ण्याचे. तीस वर्षं उसाचा ट्रॅक्टर चालवला, मागे दोन-दोन ट्रॉल्या. सध्या कवळी बसवायला आमच्याकडे मुक्कामाला आहेत. ज्यांना अजून शेंगदाणा फुटत नाही ते शत्रूचं विमान फोडणार. मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार
ओवीला आज माझा 'दोष' सापडला म्हणे. मी उडताना इंधन शंभर टक्के भरतो. भरणारच. मी जवळच्या लासुर्ण्याला जायचं असलं तरी मोटारसायकलची टाकी फुल्ल करून निघतो. शिवाय पंखांखाली दोन जादा टाक्या लावतो. लढाई सुरू झाली की त्या खाली टाकून द्यायच्या असतात, म्हणजे विमान हलकं होतं. मी टाकत नाही. धडधाकट टाकी, आत निम्म्याहून जास्त इंधन, आणि खुशाल शेतात फेकून द्यायची? ओवी म्हणाली, पप्पा, ती खरी नाहीये. टाकी खरी नसेल, संस्कार खरे आहेत.

आबा मागे बसून भिजवलेलं बिस्कीट खात होते. मधेच म्हणाले, "पाव्हणं, भरली ट्रॉली असली की वळणाच्या आदीच गाडी हळू करायची. वळणात शिरल्यावर ओढाताण केली की हूक तुटतोय."

ऊस आणि एरोडायनॅमिक्स यांत फरक असतो हे मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. ते 'व्हय' म्हणाले. पटलेलं दिसलं.

आजचे पंख: चार.

११ नोव्हेंबर, शनिवार
दिवाळीचे संकल्प.
१. जॉयस्टिक हळू ओढणे.
२. G चा काटा बघत राहणे.
३. चकली बंद. तेलकट बोटांनी पकड सुटते आणि मग जास्त जोर लावावा लागतो. मूळ कारण हेच असावं.

रात्री ८.०० तिसरा संकल्प मोडला. रेश्माने या वर्षी भाजणी फार चांगली केली आहे. चूक तिची.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा
मुहूर्तावर उड्डाण. शत्रू दिसेपर्यंत सगळं आदर्श. शत्रू समोर आला की हात माझं ऐकत नाही. ९.८ G. डावा पंख.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. आजवरच्या ३१ उड्डाणांत शत्रूला मला एकदाही पाडता आलेलं नाही. तो गोळी झाडायच्या आधीच माझं विमान तुटलेलं असतं. पण आकडा तो आकडा.

दुपारी ओवीने गंमत म्हणून आबांना बसवलं. त्यांनी आधी दोन्ही टाक्या टाकून दिल्या. शेतकऱ्याचं काळीज, आणि जरा कचरलं नाही. मग वळणाआधी वेग कमी केला, सावकाश वळले, शत्रूच्या मागे जाऊन त्याला पाडलं आणि उतरले. काटा ४.५ च्या वर गेला नाही. मी म्हणालो, याला नवशिक्याचं नशीब म्हणतात. मग ते आणखी दोनदा उतरले.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
पाच उड्डाणं. सात पंख. (तिसऱ्यात एकच गेला, पाचव्यात विमान धावपट्टीवरच राहिलं आणि मी रागाने उठलो.)

संध्याकाळी चहा घेऊन खोलीत गेलो तर माझ्या खुर्चीवर आबा, शेजारी ओवी. दोघं हसत होते. चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटर घेतला तेव्हापासून त्या दोन खुर्च्या आमच्या आहेत. ती हॉस्टेलला गेली तरी मी तिची खुर्ची रोज पुसतो. मी दारातच उभा राहिलो. चहा गार झाला. वाईट वाटलं. एकदा लिहून ठेवतो, पुन्हा लिहिणार नाही.

रेश्माने माझ्याकडे बघितलं आणि ओवीला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. बराच वेळ दार लोटलेलं होतं. लाडू बांधायचे राहिले असतील.

१८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११.४०
उतरलो!! दोन्ही पंखांसकट!

८.९ G. सातची मर्यादा ओलांडूनही विमान जसंच्या तसं. नेमकं काय बदललं याचा शास्त्रीय विचार केला. सकाळी ओवीने कॉम्प्युटर 'जरा साफ' केला होता, पण त्याचा संबंध नाही. काल रात्री मी भ्रामरी प्राणायाम केला होता आणि उजव्या हातातली अंगठी काढून ठेवली होती. दोन्हींचा एकत्रित परिणाम.

१९ नोव्हेंबर, रविवार
आज वर्ल्डकपची फायनल. देश हरला, मी उतरलो. ११.२ G. जाता जाता पंख एका झाडाला लागला, तरी काही झालं नाही. अगदी योग्य कोनात लावला असणार. सगळी सोसायटी सुतकात होती आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी माझ्या खानदानाबद्दल काहीतरी बोललं.

२० नोव्हेंबर, सोमवार
तिसरं लँडिंग. १२.६ G. टाक्या फुल्ल, एकही टाकून दिली नाही. ओवी म्हणाली, ठीक आहे पप्पा, तुमचं नाव देते. बोलताना स्क्रीनकडे बघत होती. आबांना एवढी ढास लागली की नवी कवळी हातात आली. मत्सर माणसाला आतून पोखरतो. रेश्माने शिरा केला.

२२ नोव्हेंबर, बुधवार
'G-नियंत्रण: अनुभवाचे बोल' लिहायला घेतलं. चौदा पानं झाली. जेवणाच्या सुट्टीत आमच्या लॅबमधल्या केयूरला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. त्याने विचारलं की मर्यादा सात असताना विमान बारावर मोडलं कसं नाही. मी म्हणालो, आत्मविश्वासही एक मटेरियल आहे. तो दुधाचे नमुने तपासायला निघून गेला. त्या वेळी तपासायला एकही नमुना आलेला नव्हता.

२५ नोव्हेंबर, शनिवार
उद्या स्पर्धा. ओवी म्हणाली, पप्पा, उद्या प्लीज सहाच्या वर जाऊ नका, आणि टाक्या टाका. तीन वेळा म्हणाली. पोरीला स्टेजची भीती वाटते आहे. मी तिला धीर दिला.

आबांनी जेवताना विचारलं, वळणाचं ध्यानात हाय न्हवं? मी त्यांना चौदावं पान वाचून दाखवलं.

२६ नोव्हेंबर, रविवार
पहिली फेरी: ४१ सेकंद. डावा पंख.
दुसरी फेरी: ३८ सेकंद. दोन्ही.

ओवीने दोन्ही वेळा एकटीने शत्रू पाडला आणि उतरली. वेळ सगळ्यांत कमी. पण नियम दोघांचा होता. बक्षीस लासुर्ण्याच्या प्रयागबाईंना आणि त्यांची नात सृष्टी हिला मिळालं. प्रयागबाई सत्तरीच्या असतील. जॉयस्टिक दोन बोटांत, तव्यावरची भाकरी उलटावी तशी अलगद. विमान इतकं हळू चाललं होतं की शत्रूच दोनदा त्यांच्या पुढे निघून गेला. तिसऱ्यांदा पुढे गेला तेव्हा त्यांनी त्याला पाडलं.

कॉम्प्युटर सदोष होता. तिथेच सांगितलं. क्लासवाला म्हणाला, सगळ्यांनी याच कॉम्प्युटरवर उडवलं. ओवी मोटारसायकलवर मागे बसली. घर येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०.००
रजा टाकली. क्लासवाल्याला लेखी तक्रार देणार. दोन कॉम्प्युटरांतला फरक पुराव्यानिशी मांडायचा म्हणून आपल्या घरच्या सेटिंग्ज उतरवून काढायला बसलो.

१०.२५
'विमान अभेद्य' असा एक चौकोन आहे. त्यावर टिक आहे. टिक असली की विमान कितीही G ला मोडत नाही. डोंगरावर आदळलं तरी मोडत नाही. काढून बघितली. पंख. लावून बघितली. पंख शाबूत. दहा वेळा केलं. मी क्वालिटी ऑफिसर आहे, एका नमुन्यावर निष्कर्ष काढत नाही.

१०.५०
ओवी बॅग भरत होती. विचारलं. म्हणाली, हो, मीच लावली, अठरा तारखेला. मम्मीला माहीत होतं. आबांनाही. म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना. मी विचारलं, आबांबरोबर उडाली असतीस तर?

"जिंकले असते," ती म्हणाली.

मग का, असं मी विचारलं. तिने बॅगची चेन लावली, पुन्हा उघडली, आत काहीतरी उगाच सारखं केलं.

"पप्पा, मी हॉस्टेलला गेल्यापासून तुम्ही फोनवर माझ्याशी फक्त विमानाचंच बोलता. दुसरं काही तुम्हाला बोलताच येत नाही. मी आबांना घेतलं असतं तर तेही बंद झालं असतं."

मी म्हणालो, बस दीडची आहे ना. ती हो म्हणाली.

दुपारी २.१५
स्टँडवर सोडून आलो. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होतो. दुसरं काहीतरी बोलायचं म्हणून पुष्कळ आठवलं. शेवटी पाण्याची बाटली घेतलीस का, एवढंच विचारलं. ती तिच्या हातातच होती. घरी येऊन 'अनुभवाचे बोल' रद्दीत टाकले. तिचा पुण्याचा तो दिवस माझ्यामुळे गेला. क्लासवाल्यामुळे नाही, कॉम्प्युटरमुळे नाही, चकलीमुळे तर नाहीच.

२८ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.००
ओवीला फोन केला. आधी कागदावर विषय लिहून घेतले होते: जेवण, मेस, थंडी, मैत्रिणी. जेवलीस का विचारलं. अजून वेळ आहे म्हणाली. मेस कशी आहे. ठीक आहे. थंडी? नाही फारशी. दीड मिनिटात कागद संपला. मैत्रिणींची नावं मला माहीत नाहीत, म्हणून तो विषय काढलाच नाही.

मग विचारलं, वळताना वेग नेमका किती ठेवायचा. ती सांगत सुटली. वीस मिनिटं सांगत होती. आबांनी सांगितलं होतं तेच सगळं. मी मधे एकदाही बोललो नाही. मधेच तिने म्हाळसा नावाच्या कुणा मैत्रिणीचं उदाहरण दिलं, ती स्कूटर वळणावर फार जोरात घेते म्हणून. नाव लिहून घेतलं.

७.४०
टिक काढली. टाक्या टाकून दिल्या. वळणाआधी वेग कमी केला. शत्रू दिसला आणि पंख गेला.

कळवायला तिला लगेच परत फोन लावला.