लाल रेघ, हिरवी रेघ

३ नोव्हेंबर

आता या गोकुळ्याले काय सांगावं! पुन्हा फोनवर तेच — "दादा, दोन रेघा काढल्या का एकच दोनदा?" अबे, लाल खामगाव बाजाराच्या दराची, हिरवी मलकापूरच्या! तिकडं देऊळघाटात बाबा सोयाबीन घेऊन थांबले, कुठं न्यावं ते यालेच इचारतात. मी इथं कंपनीच्या वेबसाइटवर बाजारभावाचा तक्ता बनवला, अन् माह्या सख्ख्या भावाले तो वाचता येत नाही!

लक्षच नसते त्याचं. मी घरी होतो तवा मिरची तोडतानीबी असंच. लाल तोड म्हटलं तं टोपल्यात अर्ध्या हिरव्या. मीच बाबाले सांगितलं होतं — मुद्दाम करते. बाबांनी त्याची तोडणीची मजुरी कापून मले दिली. बरोबरच केलं.

५ नोव्हेंबर

आठवी पास माणूस पुण्यात खुर्चीवर बसून पगार घेते! मजा आहे. एका जुन्या मोबाईलवर शिकलो सारं.

पिवळी रेघ करून पाह्यली. ऑफिसातल्या रुपाली मॅडम म्हणाल्या, "भागवत, उन्हात दिसेल का ही?" मोबाईल घेऊन गच्चीवर पळालो. नाही दिसत. चार वेळा वर, चार वेळा खाली. बसवत तं नाहीच मले.

८ नोव्हेंबर

मालक महादेवरावांनी तक्ता छापून मागितला. प्रिंटर काळा-पांढरा. कागद हातात धरून म्हणतात, "यातलं खामगाव कोणतं रे?" दोन्ही रेघा सारख्याच राखेच्या रंगाच्या! सारे हसले. मीबी.

मग रुपाली मॅडम म्हणाल्या, "काहींना जन्मापासूनच लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. माझ्या मामांना नाही दिसत."

चहा तसाच राह्यला.

९ नोव्हेंबर

गोकुळले फोन केला.

"मिरची पिकली, कसं ओळखतं तू?"

"दाबून. नरम लागली का पिकली."

"अन् रंग?"

"रंग तं सारखाच असते ना दादा!" हसत होता. मागून माय ओरडली, "काऊन छळून राह्यला रे त्याले?"

१० नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

१२ नोव्हेंबर

जमलं!! खामगाव गडद निळं, जाड. मलकापूर नारिंगी, तुटक. रेघेच्या टोकाले गावाचं नाव. काळ्या प्रिंटातबी ओळखू येते, गच्चीवरच्या उन्हातबी. मॅडम म्हणाल्या, "एवढं कुणासाठी?" म्हटलं, "साऱ्यायसाठी."

लिंक पाठवली. दोन मिनिटांत गोकुळचा फोन — "आता कसं दादा! खामगाव वर आहे. बाबाले सांगतो, गाडी भरा." मागं गोकुळले शाबासकी देत बाबांचा आवाज — "पोट्टं हुशार झालं लेका!"

लय बरं वाटलं. भजे खाल्ले.

१३ नोव्हेंबर

बाबाले सकाळी सारं सांगितलं. म्हटलं, गोकुळले लाल-हिरवं वेगळं दिसतच नाही, मुद्दाम नव्हता करत.

मी ज्यावर शिकलो, तो जुना मोबाईल त्याच कापलेल्या मजुरीचा होता. गोकुळले पैसे टाकले. "कशाचे?" म्हणते. मिरचीतोडणीचे, म्हटलं. बाराशे रुपये.