पिवळं टेबल आणि दोन खुर्च्या

४ फेब्रुवारी

विहीणबाईंनी टिकलीला तीनचाकी आणली. लाल, घंटीसकट! नात माझीही आहे, पण राहते त्यांच्याकडे. वेणी त्या घालणार, गोष्ट त्या सांगणार. माझ्या वाट्याला फोनवरचं "हॅलो आजी, बाय आजी". पोटात दुखतं माझ्या. दुखतं तर दुखतं — इथे कोण वाचतंय?

टिकलीचा वाढदिवस महिन्यावर आलाय.

७ फेब्रुवारी

जुन्या बाजारातून रंग उडालेला टीपॉय आणि दोन खुर्च्या आणल्या. दोन्ही वेगळ्या घराण्यातल्या. दुकानदार म्हणाला, "काकू, हे जाळायचं लाकूड आहे." म्हटलं, तू फक्त बांधून दे. पाय कापून टिकलीच्या मापाचं करीन. एक खुर्ची तिची, एक माझी. मावेन मी.

१२ फेब्रुवारी

मागच्या खोलीत करवत चालवली. टेबल डुगडुगायला लागलं. एक पाय तासला, मग दुसरा उंच वाटला. तो तासला, तर तिसरा. माकडाने लोण्याची वाटणी करावी तसं चाललं होतं. शेवटी बसलं एकदाचं. गच्च.

२० फेब्रुवारी

टेबल पिवळं, खुर्च्या हिरव्या. नखांतला रंग निघत नाही. राहू दे. विहीणबाईंच्या नखांत आहे का?

४ मार्च

वाढदिवस, विहीणबाईंकडे. टिकली धावत येऊन खुर्चीत बसली, टेबलावर हात टेकले — आणि टेबल कललं. पेलाभर दूध फरशीवर. सगळे हसले. विहीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत, वाकून पाय निरखत बसल्या. तेच जास्त झोंबलं.

लेक म्हणाली, "अगं आई, तुझ्या मागच्या खोलीची फरशी मोरीकडच्या कोपऱ्यात खचलीय. तिथे ठेवून पाय कापलेस?"

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं खरंच वाकडं निघालं.

५ मार्च

दुसऱ्या खुर्चीत आता कोण बसत असेल, ते काय मला कळत नाही?

९ मार्च

टेबल परत आलं. खुर्च्यांसकट, टेम्पोतून! विहीणबाईंचा निरोप — "इथे हलतंय. तुमच्याकडेच राहू द्या." एवढंसं टेबलही सहन झालं नाही बाईंना. मागच्या खोलीत ठेवलं. मेलं इथे कसं शहाण्यासारखं बसतं!

१५ मार्च

टिकलीने टेबलासाठी हट्ट धरला, म्हणून लेक सकाळीच तिला सोडून गेली. दिवसभर आम्ही दोघी खुर्च्यांत. मी मावले. उठताना मात्र टिकलीने मला ओढून काढलं. दर रविवारी येणार म्हणते.

विहीणबाई, बसा आता एकट्या.

२२ मार्च

आज जावई न्यायला आले. टेबल हलवून बघत म्हणाले, "तिकडे मी पायाखाली रबर ठोकलं होतं. हलायचं थांबलंही होतं. आईनेच काढायला लावलं. म्हणाली, हललं तरच पोरगी त्यांच्याकडे जाईल."

म्हणजे यातही त्याच पुढे!

उद्या जुन्या बाजारात जाते. तिसरी खुर्ची बघायला.