हुलग्याची उशी

सावेडी, अहिल्यानगर
१२ जानेवारी २०२६

चि. कानिफनाथ यास, उज्ज्वलाचे अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. तुझ्या पूजाला विचारलं, तर ती म्हणते, आत्याचा फोन आहे म्हटलं की बाबा मागच्या दारानं दुकानात जातात. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही.

तुझे दाजी गेले तेव्हा जीपमध्ये त्यांच्याबरोबर तू एकटा होतास. दहाव्याला आलास, लांब बाभळीखाली उभा राहिलास आणि न जेवता गेलास. तेराव्याला माहेरचा दुखवटा तुझ्या दुकानातल्या सहादेवच्या हाती पाठवलास. शेजारच्या रतनबाई चारचौघींत म्हणाल्या, सख्खा भाऊ हाय न्हवं, मग साडी दुसऱ्याच्या हातून का? मी म्हटलं, त्याला ताप आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात उभी हयात काढली, पण कोणासाठी खोटी नोंद केली नाही. तुझ्यासाठी केली. साडी परत पाठवते आहे. घेईन तर तुझ्या हातून.

आणि मला एक सांग. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं एवढंच लिहून दिलं. ह्यांना त्रास झाला का? त्यांनी हाक मारली का? मी रोज वेगवेगळं मनात रचते, आणि दर वेळी ते कोणाला तरी बोलवत असतात. त्या वेळी मी इथे दोघांच्या भाकऱ्या टाकत होते, नाथा.

त्यांचं कॅमेऱ्याचं सामान तुझ्याकडेच आहे. ते नंतर बघू. आधी उत्तर दे.

कळावे. राग आहे आणि मायाही आहे, दोन्ही ध्यानात असू दे.

तुझी अक्का,
उज्ज्वला


श्रीरामपूर
१९ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप अक्कास, कानिफनाथचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. साडीपण पोचली. पूजा ती मांडीवर घेऊन माझ्यापुढं बसली आहे. म्हणते, बाबा, आत्ता लिहा, नाहीतर मी आत्याकडं राहायला चालले.

दाजींचे ते भोवत्या पक्षी तुला तोंडपाठ असतील. थंडीत पार परदेशातून येतात, दिवसभर गवताला लागून उडत उंदीर-टोळ मारतात आणि दिवस बुडताना त्याच गवतात झोपायला उतरतात. दाजींना तो उतरतानाचा फोटो पाहिजे होता, पाय खाली सोडलेला. कितीतरी हिवाळे आम्ही त्यापायी करंजीच्या माळावर गेलो. पायी माणूस दिसला की हे पक्षी उठतात, उभ्या जीपला भीत नाहीत. म्हणून दाजींचा कायदा होता, इंजिन बंद, तोंड बंद, मान वळवायची नाही. पक्षी उतरल्यावरसुद्धा पार अंधार पडेपर्यंत हलायचं नाही, नाहीतर ते बिचकून उठतात आणि त्यांची रात्रीची जागा जाते. मागं एकदा मी शिंकलो, तर घाट उतरेपर्यंत दाजी माझ्याशी बोलले नव्हते.

त्या दिवशी मी पुढं स्टिअरिंगवर, दाजी मागं खिडकीशी. खिडकीत तू हुलगे भरून शिवलेली उशी, हलू नये म्हणून तिच्यावर टेकवलेली लेन्स. एक भोवत्या आला. कॅमेरा वाजला, मग थांबला. मला वाटलं, दाजी आणखी एखाद्याची वाट बघतायत. मी वळलो नाही. अंधार पडला. मग तू दिलेला थर्मास उघडला, दोन कप ओतले आणि एक न बघताच मागं धरला. म्हटलं, घ्या दाजी, आज शिंकलो नाही, आता तरी बोला. कप कोणी घेतला नाही.

तेव्हा मी वळलो. ते उशीवर गाल ठेवून होते, कॅमेरा मांडीवर. हात गार पडला होता.

हाक मारली नाही, अक्का. आवाजच आला नाही. पण मारली असती तर मी कायदा मोडून लगेच वळलो असतो का, ते माझं मला कळत नाही. ते गेले होते आणि मी पुढं खुशीत बसलो होतो, की आज आपण लई गप्प बसलो, आज दाजी शाबासकी देणार. आता कोणत्या तोंडानं तुझ्यापुढं साडी धरू?

दवाखान्यातून आणली तशी जीप शेडमध्ये उभी आहे. उशी अलगद उचलून पुढच्या सीटवर ठेवली होती, तिला नंतर हात लावला नाही. गालाचा खळगा तसाच आहे.

कळावे. लोभ मागायची हिंमत होत नाही.

कानिफनाथ


सावेडी, अहिल्यानगर
२४ जानेवारी २०२६

चि. कानिफनाथ यास अ. उ. आ.

पत्र वाचलं, घडी घातली आणि दिवसभर एक काम धड झालं नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं. खायला मी एकटीच, म्हणून कोणी काही बोललं नाही.

मग डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, हृदय असं थांबलं की शेजारी टेकून बसलेल्यालाही कळत नाही. आणि त्या माळावरून दवाखाना कुठे जवळ होता? तू वळला असतास का, असं विचारतोस. वळला असतास. लहानपणी मी रडायच्या आतच तू रडायचास. आणि वळून पाखरू उडवलं असतंस, तर जाता जाताही ह्यांनी तुला फैलावर घेतलं असतं.

माझा राग तुझ्यावर नाही, ह्यांच्यावर आहे. वर्षानुवर्षं मी थर्मास भरले, उशा शिवल्या, आणि एकदाही माळावर गेले नाही. म्हणायचे, तुला बोलल्याशिवाय बसवणार नाही. खरंच होतं. मी तिथे असते तर मी बोलले असते, त्यांनी उत्तर दिलं नसतं, आणि मला कळलं असतं. हा विचार माझा आहे, तुझा नाही. तू तो घेऊन बसू नकोस.

ते गेले, ते मी सोसते आहे. तूही गेलास तर त्यांच्याविषयी बोलायला मला कोणी उरत नाही.

एक तारखेला रविवार आहे. ये. एस.टी.नं नाही, जीप घेऊन. पूजाला आण, साडी आण, सामान आण.

कळावे. तुला मागायची हिंमत नसली तरी लोभ आहे.

उज्ज्वला


सावेडी, अहिल्यानगर
२ फेब्रुवारी २०२६

चि. कानिफनाथ यास अ. उ. आ.

हे पत्र पूजाच्या हाती देते आहे. काल साडी देताना तू तिची घडी तीनदा मोडून पुन्हा घातलीस, ते रतनबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, भाऊ लई हळवा हाय ओ तुमचा. मी म्हटलं, पहिल्यापासून.

कॅमेऱ्यातलं बघायला तू नको म्हणालास. तू गेल्यावर, मुक्कामाला राहिलेल्या पूजानं मला ते लॅपटॉपवर दाखवलं. शेवटचा फोटो उतरतानाचा आहे. पंख वर, पाय खाली सोडलेले, पीस न् पीस स्वच्छ. त्यानंतर काही नाही. नुसत्या गवताचा नाही, हात सुटून चुकून निघालेला नाही. म्हणजे कॅमेरा त्यांनी आपल्या हातानं मांडीवर घेतला, नाथा, आणि मग डोकं टेकलं. मी रचत होते त्यातलं काही झालं नव्हतं. हे कळूनही डोळ्याला डोळा लागला नाही.

जुनी सवय, म्हणून कालची देवघेव लिहून ठेवते.

माहेरची साडी, भावाच्या हातून मिळाली.

थर्मास मिळाला. कप एकच मिळाला. दुसरा माळावर राहिला असेल, शोधायला जाऊ नये.

कॅमेरा आणि लेन्स मिळाले. पूजाबरोबर तुझ्याकडे परत पाठवले. पुढच्या थंडीत जीपमध्ये मागे मी बसेन. बोलणार नाही.

हुलग्याची उशी, खळग्यासह, मिळाली.

उज्ज्वला