डॉक्टर ऑनलाइन आहेत

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.१५
डॉक्टरांच्या ॲपवर आलो. रजिस्ट्रेशन नंबर तपासल्याशिवाय आत घेत नाहीत. म्हणजे दर्जा आहे. पंचवीस वर्षं उरण नाक्यावर लोकांचे खोकले ऐकले. आता देशाला कळेल, पनवेलमध्येही डोकं आहे. ध्येय: ‘एक्स्पर्ट पॅनल’. रोज फक्त पंधरा मिनिटं.

दुपारी १.२०
तीन तास. पहिला दिवस म्हणून.

६ मार्च
आशालताने जेवताना विचारलं, ॲप फुकट, मग त्यांचे पगार कोण देतं? बायकोला समजावलं. औषध कंपन्या देतात. आम्ही डॉक्टर त्यांचे व्हिडिओ बघतो, सर्व्हे भरतो, त्याचे ॲपवाल्यांना पैसे मिळतात. ती म्हणाली, म्हणजे तुम्हाला विकतात. हसली पण. तिला मार्केटिंग कळत नाही.

१२ मार्च. सकाळी ११
डायबेटिसच्या नव्या गोळीचे सलग सात व्हिडिओ. गोळी मी लिहिणार नाही, महाग आहे. पण आपलं मत हवं. कॉमेंट टाकली. एक लाइक. माझाच, चुकून. कंपाउंडर भामाताई दोनदा डोकावल्या. म्हणाल्या, करंजा गावची माणसं तासभर बसून गेली, बोलली डॉक्टर मोबाईलमधीच हाय. लोकांना धीरच नाही.

२० मार्च
पेशंट कमी. परीक्षांचे दिवस. बरंच आहे, सर्व्हे नीट भरता येतात. तरी उद्यापासून ओपीडीत मोबाइल बंद. उद्या वेबिनार आहे. परवापासून.

२७ मार्च
मेल आला! ‘आपली खास निवड झाली आहे.’ बुधवारी फोन करणार. ब्लेझर काढला. बटण लागत नाही. हल्ली उघडाच घालतात. पॅनलवर बोलायचे मुद्दे काढले: चौदा. एका जागी बसवत नाही.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ११.४०
ॲपवरून स्नेहा नावाच्या मुलीचा फोन. मी पहिला मुद्दा सुरू केला. तिने थांबवलं. पॅनल नाही, प्रॅक्टिस वाढवायचं पॅकेज आहे. वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. मीच का, विचारलं. म्हणाली, सर, तुम्ही ओपीडीच्या वेळेत रोज तीन तास ऑनलाइन असता. ज्यांच्याकडे पेशंट नसतात त्यांची आम्ही लिस्ट काढतो. पनवेलमधून तुम्ही पहिले आलात.

फार लागलं. सांगितलं, बाहेर रांग आहे. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने ओरडलो, भामाताई, पुढचा पेशंट पाठवा!

भामाताई आत आल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, गुडगा महिनाभर दुखतोय, आता बगता का.