पोरीला ते औषध देऊ नकोस

३ मार्च, रविवार
आले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, पण खिडकी अशी ऐसपैस की तिच्यात बसून चहा घेता येतो. घरमालकीणबाई खाली राहतात. माझी बॅग बघून म्हणाल्या, एवढंच सामान? म्हटलं, एवढंच. आई गेली, घर आवरलं, उरलं ते हे. बिचाऱ्या ओशाळल्या आणि थोड्या वेळाने दूध घेऊन वर आल्या. आईच्या आजारपणात रोजनिशी सुटली होती, ती आजपासून पुन्हा. नव्या गावात बोलायला कुणीतरी हवंच.

५ मार्च, मंगळवार
काम आवडलं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत माझं यंत्र आहे. काच फ्रेमच्या मापाला घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, बसवायची. मालक म्हणाले, तुमची चूक झाली की गिऱ्हाइकाचं डोकं दुखणार, मग ते येऊन माझं डोकं खाणार आणि मी तुमचं. स्वतःच्या विनोदावर स्वतःच खूप हसले. मीही हसले. पुढच्या खोलीत लोक दिवसभर पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचत असतात, ती भिंतीतून ऐकू येतात. संध्याकाळी जिना चढताना लक्षात आलं, सकाळच्या त्या विनोदानंतर माझ्याशी कुणी बोललेलंच नाही.

९ मार्च, शनिवार
उजवीकडची खालची दाढ ठणकतेय. गालाला हात लावून काम उरकलं. आईने नुसतं बघून ओळखलं असतं. इथे माझा गाल सुजला काय नि न सुजला काय, आधी मी कशी दिसत होते हे ठाऊक आहे कुणाला?

११ मार्च, सोमवार
दातांच्या डॉक्टरीणबाई भल्या वाटल्या. दाढेच्या मुळाशी पू झालाय. आधी औषधाने जंतू आटोक्यात आणायचे, मग मूळ साफ करायचं. अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सुला दिल्या. त्यांनी विचारलं, पेनिसिलिनचा कधी त्रास झालाय का? अंगावर पुरळ, सूज, असं काही? मी नाही म्हणाले. आईला विचारलं असतं तर नक्की सांगता आलं असतं.
औषधाच्या दुकानातली बाई मास्तरणीसारखी. दिवसातून तीनदा, सारख्या अंतराने, भरपूर पाण्याबरोबर. बरं वाटलं तरी सातही दिवस घ्यायच्या. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. अंगावर पुरळ आलं तर पुढची न घेता आधी विचारायचं. आणि ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट इस्पितळ. माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. कुणीतरी माझी एवढी काळजी केली, म्हणून मी उगाच एक साबणाची वडीही घेतली.

१३ मार्च, बुधवार
ठणका गेला. जीव भांड्यात पडला. आज गुणगुणत काचा घासल्या.

१५ मार्च, शुक्रवार
पोटावर आणि मांड्यांवर लाल पुरळ. खाज. नवा साबण भोवला असणार, फेकून दिला. घरमालकीणबाई म्हणाल्या, उकाड्याने होतं हो. औषधाच्या दुकानात दाखवायला जाणार होते, पण पदर सरकवून पोट दाखवायचं, तेही भर दुकानात? दाढ दुखत नाहीच आहे, तर कॅप्सुलाही बंद केल्या. उगाच कशाला पोटात औषधं ढकलायची?

१६ मार्च, शनिवार
पुरळ ओसरलं. साबणच होता.
संध्याकाळी दाढ पुन्हा. आधीपेक्षा जास्त. तोंड नीट उघडत नाही. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना सोमवारपर्यंत बंद.

१७ मार्च, रविवार, सकाळ
मावशीला फोन केला. वृद्धाश्रमातली परिचारिका तिच्या कानाशी फोन धरते. मावशीचं हल्ली सगळं सरमिसळ झालंय. माझा आवाज ऐकून तिला वाटलं, आईच बोलतेय. एकदम म्हणाली, ताई, पोरीला ते औषध देऊ नकोस गं पुन्हा. ओठ बघ कसे सुजलेत तिचे. मी विचारलं, कुठलं औषध? म्हणाली, ते गं, गुलाबी, बाटलीतलं. मग मांजराचं काहीतरी सांगू लागली.
माझ्या कॅप्सुला लाल-पिवळ्या आहेत. असेल कुठलं तरी खोकल्याचं.
ती फोन ठेवेना. देणार नाहीस ना, देणार नाहीस ना, असं घोकत राहिली. शेवटी मी आईच्या आवाजात म्हणाले, नाही देणार गं. मग शांत झाली. फोन ठेवल्यावर खूप रडले. आई जिवंत आहे असं मानणारं जगात एकच माणूस उरलंय.

दुपार
गाल टम्म. सहन होत नाही. उरलेल्या कॅप्सुला काढल्या. मधल्या चुकल्यात, म्हणून दोन एकदम घेतल्या. आता पडते.

थोड्या वेळाने
तळहात खाजतायत. तळपायही. साबण तर केव्हाच फेकलाय.
आरशात पाहिलं. वरचा ओठ माझा नाही. कुणाचा तरी जाडा ओठ माझ्या तोंडावर –

औषधवालीला फोन केला. तिने विचारलं, लहानपणी हे कधी घेतलं होतं का? मी म्हटलं, गुलाबी, बाटलीतलं काहीतरी. ती ओरडलीच, “अहो बाई, तेच आहे हे! मुलांना पातळ करून देतात ते! फोन ठेवा, रुग्णवाहिका बोलवा, आत्ता!”

बोलावली. रस्ता सांगितला. घर सांगायच्या आधी आवाज गेला. पलीकडचा हॅलो हॅलो करत होता. मला ऐकू येत होतं. नुसती शिट्टी वाजतेय गळ्यात. माझीच.

चपलेने जमीन ठोकली. घरमालकीणबाईंना कळेल. ठोकली. ठोकली –
खालून ठोकलं. झाडूच्या दांड्याने. आवाज बंद करा म्हणून.

उभी राहिले, पडले. दाराला आतून कडी. हात पोचत नाही. मोठ्या अक्षरात लिहून पान दाराखालून सरकवते. उंबऱ्याला अडकलं, बाहेर जात नाही. जीभ मावत नाही तोंडात –

घरमालकीणबाई वर आल्या. दार वाजवतायत. अहो बाई, काय चाललंय? मी इथे आहे. इथेच, दाराशी. आवाज नाही –
त्यांच्याबरोबरचं कुणीतरी म्हणतंय, झोपल्या असतील. रविवार आहे. राहू दे.
पायऱ्या. खाली जाताय –
जाऊ नका मी जागी आहे मी जा