तिसऱ्या मजल्याची खडी

सिन्नर, ता. ४ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
योगेशचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. गंगापूर रोडची ती इमारत पाडली, तुम्ही आणि नानांनी बांधलेली. मलबा आमच्याच प्लांटवर आलाय, मजल्यागणिक वेगळे ढीग. लोखंड काढून आम्ही त्याची खडी करतो, ती नव्या काँक्रीटमध्ये थोडी थोडी मिसळतात. ही एका शाळेला जायची आहे. मी मात्र सगळी भरावात टाका म्हणणार आहे. ज्यातलं सिमेंट नानांनी चोरलं, ते पोरांच्या डोक्यावर नको. वडील गेले तरी लाज जात नाही, मामा.

आई बरी आहे. लोभ आहेच, तो वाढवावा.

योगेश

वणी, ता. ९ मार्च

चि. योगेश यास,
गोटीरामचे अ. आ.

पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही. सहादूनं, तुझ्या बापानं, मूठभरही सिमेंट चोरलं नाही. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर पाणी मारायचं काम माझं होतं. दुष्काळाचा उन्हाळा. टँकर आला की मजुरांच्या बायका हंडे घेऊन उभ्या, कडेवर पोरं. मी पाणी त्यांना दिलं, स्लॅब आठ दिवस कोरडा ठेवला. पावसात तो गळायला लागला तेव्हा ठेकेदार म्हणाला, सिमेंट चोरलं. गोदामाची किल्ली सहादूकडे होती. मी गप्प बसलो. पाणी दिल्याचं वाईट वाटत नाही, गप्प बसल्याचं वाटतं.

तेवढा मजला वेगळा काढ, बाकीच्याला बट्टा लावू नकोस. तुझ्या आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही. हे तिला वाचून दाखव.

मामा म्हणवून घ्यायला लाजणारा,
गोटीराम

सिन्नर, ता. २१ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तिसरा मजला वेगळा तपासून घेतला. सिमेंट पुरेपूर निघालं, पाण्यावाचून कच्चं राहिलेलं. तो भरावात गेला. बाकीची खडी चाचणीत पास होऊन शाळेला गेली.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली की तिला हे तेव्हापासूनच ठाऊक आहे. नानांनीच सांगितलं होतं आणि शपथही घातली होती, की तुझा एकुलता भाऊ आहे, त्याचा संसार नवा आहे, कुठे बोलायचं नाही. दर भाऊबीजेला ती तुम्हाला ओवाळत राहिली. मला शाळेत चोराचा पोर म्हणून चिडवायचे, म्हणून मी नानांशी बोलणं टाकलं होतं. ते जाईपर्यंत.

आई म्हणते, मामाला बोलाव. तर या. नानांना कुठून बोलावू, ते मला कळत नाही.

आईचा लोभ तुमच्यावर आहेच. माझाही राहावा, असा प्रयत्न करतो.

योगेश सहादू